न वटलेला चेक आणि पंधरा दिवसांची मुदत

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोन-तीन जणांचे फोन आले. ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञान शिकवायचात, हे चेक बाऊन्सचं काय काढलंत?’ प्रश्न रास्त आहे. मी वकील नाही, आणि आज जे सांगणार आहे तो वकिलाचा सल्लाही नाही. पण चाळीस वर्षं वर्गात ‘वचन’ या विषयावर बोललो आणि निवृत्तीनंतर त्याच विषयात स्वतः नापास झालो. त्या नापास होण्यातून जो अभ्यास घडला, तो आज तुमच्यापुढे मांडतो आहे.

आधी घडलं ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजच्या जुन्या ओळखीतले एक गृहस्थ घरी आले. छोटा व्यवसाय होता, माल अडकला होता, दीड लाख रुपये तीन महिन्यांसाठी हवे होते. माझ्या पत्नीच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आम्ही काही रक्कम बाजूला ठेवली होती. शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करायची होती, म्हणून म्हटलं, तोवर देऊ. पैसे बँकेतून दिले. परतफेडीसाठी त्यांनी १ जून तारखेचा चेक लिहून दिला.

जूनमध्ये चेक भरला, परत आला. बँकेच्या मेमोवर कारण लिहिलं होतं, अपुरी शिल्लक. त्यांना फोन केला. ‘सर, फारच लाजिरवाणं झालं. पुढच्या महिन्यात टाका.’ जुलैत टाकला, परत आला. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा टाकला, आणि २२ तारखेला तिसरा मेमो हातात पडला. मग ते म्हणाले, ‘सर, गणपती होऊन जाऊ द्या.’ गणपती झाले. ‘पितृपक्षात देण्याघेण्याचा व्यवहार नको.’ तेही मान्य केलं. मग दसरा आला. दसऱ्यानंतर ते फोन उचलेनासे झाले.

तेव्हा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो आता वकिली करतो. कागद बघून त्याने एकच प्रश्न विचारला, ‘सर, नोटीस कधी पाठवली?’ मी म्हटलं, ‘नोटीस कसली? ओळखीच्या माणसाला नोटीस पाठवायची?’ तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, ‘मग कलम १३८ चा रस्ता तुमच्यासाठी २१ सप्टेंबरलाच बंद झाला, सर.’

हे कलम १३८ म्हणजे काय, आणि तो रस्ता का बंद झाला, हे आता नीट पाहू.

चेक म्हणजे काय?

साधा प्रश्न आहे, पण इथेच सगळं आहे. मी तुम्हाला म्हटलं, ‘एक तारखेला पैसे देतो,’ तर ते वचन झालं. ते मोडलं तर तुम्ही दिवाणी न्यायालयात जाल आणि पैसे वसूल करायला बघाल. मला गुन्हेगार कोणी म्हणणार नाही. कर्ज फेडता न येणं हा आपल्याकडे गुन्हा नाही. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, की ज्याच्याकडे खरोखरच द्यायला काही नाही त्याला केवळ देणं थकलं म्हणून तुरुंगात टाकणं राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात बसत नाही. दारिद्र्य हा अपराध नव्हे.

मग चेकचं वेगळं काय आहे? चेक हे नुसतं वचन नसतं. तो बँकेला दिलेला लेखी आदेश असतो: ‘माझ्या खात्यातून या व्यक्तीला इतके रुपये द्या.’ ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ साली हार्वर्डमध्ये व्याख्यानं दिली होती. त्यांत त्यांनी दाखवलं, की काही वाक्यं फक्त माहिती देत नाहीत, ती उच्चारणं हीच एक कृती असते. ‘मी वचन देतो’ हे तसं वाक्य. चेकवरची सही तर त्याहून पुढे जाते. ती कागदावरची कृती आहे, आणि त्या कागदाच्या भरवशावर तिसराच माणूस माल देतो, घर देतो, मजुरी करतो.

आपला परक्राम्य संलेख अधिनियम १८८१ सालचा. आपण त्याला निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट म्हणूनच ओळखतो. पण त्यात शंभरहून अधिक वर्षं चेक न वटण्याबद्दल शिक्षा नव्हती. १९८८ साली दुरुस्ती झाली, सतरावं प्रकरण घातलं गेलं आणि १ एप्रिल १९८९ पासून कलम १३८ अमलात आलं. हेतू एकच होता, लोकांचा चेकवर विश्वास बसावा. चेक घेताना समोरच्याच्या मनात ‘वटेल ना?’ अशी धाकधूक असेल, तर चेकचा उपयोगच संपतो.

आमच्या विषयातल्या मंडळींना इथे कांट आठवेल. १७८५ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिशास्त्रावरच्या छोट्या ग्रंथात त्याने नेमकं हेच उदाहरण घेतलं आहे. एका माणसाला पैशाची गरज आहे. परत करता येणार नाहीत हे त्याला ठाऊक आहे, तरी तो ‘परत करीन’ असं वचन देऊन उसने घेतो. कांट विचारतो, सगळ्यांनी असंच वागायचं ठरवलं तर काय होईल? वचन ही गोष्टच उरणार नाही. देणारा हसेल आणि दार लावून घेईल.

मात्र एका बाबतीत आपला कायदा कांटपेक्षा वेगळा आहे, आणि आज माझा मुख्य मुद्दा तोच आहे. कांट हेतूकडे बघतो. वचन देताना मनात काय होतं? आपला कायदा मनात शिरायला जात नाही. कलम १४० सांगतं, की ‘चेक देताना तो परत येईल असं मला वाटलं नव्हतं’ हा बचाव चालणार नाही. मग कायदा न्याय कशावरून करतो? तो नोटीस पाठवायला लावतो, पंधरा दिवस देतो, आणि विचारतो, या पंधरा दिवसांत तुम्ही काय केलंत? मनात काय होतं हे कोणाला सिद्ध करता येत नाही. पंधरा दिवसांत पैसे दिले की नाही, हे मात्र सिद्ध करता येतं.

म्हणून नुसता चेक परत आला म्हणजे गुन्हा झाला असं नाही. लोक इथे चुकतात. चेक परत आला, नोटीस मिळाली, पंधरा दिवस गेले आणि तरीही पैसे दिले नाहीत, इथे गुन्हा पूर्ण होतो.

तारखांचा हिशेब

आता कागद-पेन घ्या. घरून ऐकणाऱ्यांनीही घ्या. या कायद्यात चार मुदती आहेत.

पहिली मुदत चेकची. १ एप्रिल २०१२ पासून चेक तारखेपासून तीन महिनेच चालतो. पूर्वी सहा महिने चालायचा. त्या आत तो बँकेत भरला पाहिजे.

दुसरी मुदत नोटिशीची. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. २००३ पूर्वी ही मुदत पंधरा दिवसांची होती.

तिसरी मुदत चेक देणाऱ्याची. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस.

चौथी मुदत फिर्यादीची. ते पंधरा दिवस संपल्यावर एक महिन्याच्या आत न्यायालयात फिर्याद दाखल करायची.

उदाहरण घेऊ. चेकवर ५ जानेवारी तारीख आहे. तुम्ही १० तारखेला भरलात, १२ जानेवारीला परतीचा मेमो मिळाला. तो दिवस सोडून मोजायला लागा. तीस दिवस ११ फेब्रुवारीला संपतात. तोवर नोटीस रवाना झालीच पाहिजे. समजा तुम्ही २५ जानेवारीला स्पीड पोस्टाने पाठवलीत आणि समोरच्याला ती २९ ला मिळाली. त्याचे पंधरा दिवस १३ फेब्रुवारीला पूर्ण होतात. १३ पर्यंत त्याने पैसे दिले तर विषय संपला. दिले नाहीत तर १४ फेब्रुवारीपासून तुम्हाला फिर्यादीचा अधिकार येतो, आणि १३ मार्चच्या आत ती दाखल करून मोकळं व्हा. एखाद्या दिवसाच्या मोजणीवर वाद घालायची वेळच आणू नका.

आणि घाईही नको. १४ फेब्रुवारीच्या आधी, म्हणजे त्याचे पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत फिर्याद केलीत तर ती टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली हे पक्कं केलं. मुदत त्याची आहे, ती त्याला पूर्ण मिळाली पाहिजे.

फिर्यादीला उशीर झाला आणि त्याला सबळ कारण असेल, तर न्यायालय तो उशीर माफ करू शकतं. पण नोटिशीच्या तीस दिवसांना अशी सवलत कायद्यात नाही. माझं घोडं इथेच अडलं. चेक तीन महिन्यांच्या मुदतीत पुन्हा पुन्हा भरता येतो, आणि शेवटच्या परतीपासून तीस दिवस मोजता येतात. म्हणजे जून-जुलैत मी थांबलो ते चालण्यासारखं होतं. पण २२ ऑगस्टच्या मेमोनंतर चेकचीही मुदत संपत आली होती आणि तीस दिवस २१ सप्टेंबरला भरले. मी तेव्हा त्या गृहस्थांना गणेशोत्सवाच्या शुभेच्छा पाठवत होतो! (हशा)

हसा, हरकत नाही. मीही आता हसतो.

नोटीस कशी असावी?

नोटीस वकिलामार्फतच पाठवली पाहिजे अशी सक्ती नाही, पण पाठवावी हे बरं. तिच्यात चेकचा क्रमांक, तारीख, बँक, रक्कम, चेक कशासाठी दिला होता, कधी आणि कोणत्या कारणाने परत आला, हे सगळं हवं. आणि चेकच्या रकमेची स्पष्ट मागणी हवी. चेक साठ हजारांचा आणि मागणी सत्तर हजारांची, असा घोळ झाला तर नोटीसच बाद ठरते. व्याज किंवा वकिलाचा खर्च मागायचा असेल तर तो वेगळा दाखवा, चेकच्या रकमेत मिसळू नका. चेक दिल्यानंतर त्याने काही पैसे परत केले असतील, तर तेही लपवू नका. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की मधे भरलेली रक्कम वजा न करता पूर्ण चेकवर खटला चालवता येत नाही.

‘त्याने नोटीस घेतलीच नाही तर?’ हा प्रश्न नेहमी येतो. योग्य पत्त्यावर पोस्टाने पाठवलेली नोटीस पोहोचली असं कायदा गृहीत धरतो. पोस्टमनला ‘साहेब गावाला गेलेत’ असं सांगून सुटका होत नाही. २००७ सालच्या एका निकालात न्यायालयाने आणखी एक वाट ठेवली: खरोखरच नोटीस मिळाली नसेल, तर समन्स मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे भरा आणि मोकळे व्हा. बघा, इथेही कायदा पुन्हा तेच विचारतो. आता कळलं ना? मग आता काय करता?

आमच्या शेजारी एक बाई डबे करतात. एका बांधकामावरच्या लोकांना त्यांनी चार महिने डबे पुरवले. ठेकेदाराने चौसष्ट हजारांचा चेक दिला, तो परत आला. त्या माझ्याकडे आल्या. ‘काका, हा कागद जरा बघता का? तो माणूस म्हणतो, थांबा.’ मी विचारलं, ‘मेमो कधी आला?’ अकरा दिवस झाले होते. त्यांच्याकडे वही होती, रोजच्या डब्यांचा हिशेब आणि महिन्याच्या शेवटी मुकादमाची सही. त्यांना त्याच दिवशी माझ्या विद्यार्थ्याकडे पाठवलं. चार दिवसांत नोटीस गेली. नोटीस मिळाल्याच्या बाराव्या दिवशी पूर्ण रक्कम त्यांच्या खात्यात जमा झाली. न्यायालयाची पायरीसुद्धा चढावी लागली नाही.

त्या बाई शाळेत आठवीपर्यंत शिकलेल्या. मी डॉक्टरेट. (हशा)

न्यायालयात काय बघितलं जातं?

पैसे आले नाहीत, फिर्याद केली, मग पुढे काय? फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची. कोणत्या गावच्या? २०१५ च्या दुरुस्तीनंतर उत्तर सोपं झालं आहे: तुमचं खातं ज्या शाखेत आहे आणि जिथे तुम्ही चेक भरलात, त्या हद्दीतल्या. समोरच्याच्या गावाला खेटे घालायला नकोत.

साक्ष शपथपत्रावर देता येते. सोबत मूळ चेक, मेमो, नोटिशीची प्रत, पोस्टाची पावती आणि पोहोच जोडायची.

आता कलम १३९. हे कलम म्हणतं, की चेक हा देण्यापोटीच दिला असं न्यायालय गृहीत धरेल. एरवी फौजदारी खटल्यात सगळं सिद्ध करायची जबाबदारी फिर्यादीवर असते. इथे सही मान्य झाली की ‘हे देणं नव्हतंच’ हे दाखवायचं ओझं आरोपीवर येतं. मात्र ते ओझं डोंगराएवढं नाही. २०१० सालच्या रंगप्पा प्रकरणात न्यायालयाने सांगितलं, की आरोपीने शक्यता आपल्या बाजूला झुकते एवढं दाखवलं तरी पुरे. फिर्यादीच्याच कागदांतून, उलटतपासणीतून ते दाखवता येतं. ‘तुम्ही मला पाच लाख रोख दिले म्हणता, तर तुमच्याकडे तेव्हा पाच लाख होते का?’ हा प्रश्नही विचारता येतो. म्हणून माझं सांगणं, उसने द्यायचे तर बँकेतून द्या, चार ओळी लिहून घ्या. त्यात अविश्वास नाही. उद्या दोघांची स्मरणशक्ती वेगळं सांगायला लागली, तर कागद मध्यस्थी करतो.

आणि हे देणं कायद्याने वसूल होण्याजोगं हवं. देणगीचा चेक परत आला, वाढदिवसाच्या भेटीचा परत आला, तर कलम १३८ लागू नाही. कारण तिथे देणं नव्हतं, इच्छा होती. उलट, ‘खातं बंद’, ‘पेमेंट थांबवा’, ‘सही जुळत नाही’ अशी कारणं लिहून चेक परत आला तरी कलम लागू शकतं, हे वेगवेगळ्या निकालांनी ठरलं आहे. नाहीतर सही मुद्दाम वाकडी करून सगळेच सुटले असते.

शिक्षा काय? दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या जुन्या मंडळींना ‘दामदुप्पट’ आठवेल. तो नियम वेगळा, व्याज मुद्दलापेक्षा जास्त चढू नये म्हणून केलेला. त्याने ऋणकोला आधार दिला होता. इथली दुप्पट त्याच्यावर रोखलेली आहे. पण प्रत्यक्षात न्यायालयाचा कल माणसाला आत टाकण्यापेक्षा फिर्यादीला पैसे मिळवून देण्याकडे असतो. २०२१ साली एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याला छान उपमा दिली. ही मुळात दिवाणी मेंढी आहे, तिने फौजदारी लांडग्याचं कातडं पांघरलं आहे, अशा अर्थाची. कातडं लांडग्याचं का हवं? कारण नुसत्या मेंढीला कोणी भीत नाही.

कायदा म्हणतो, खटला सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात काय होतं? २०१९ च्या अखेरीस देशात प्रलंबित असलेल्या २ कोटी ३१ लाख फौजदारी खटल्यांपैकी ३५ लाख १६ हजार याच कलमाखालचे होते. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली, ती यामुळेच. २०१८ च्या दुरुस्तीने एक उपाय केला. आरोपीने गुन्हा नाकबूल केला तर खटला चालू असतानाच चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकतं. तो द्यायचा की नाही हे न्यायाधीश परिस्थिती बघून ठरवतात. शिक्षा झाल्यावर अपील केलं, तर किमान वीस टक्के भरायला सांगण्याची तरतूदही आली.

आणि तडजोड कोणत्याही टप्प्यावर होऊ शकते. मात्र उशिरा तडजोड करणाऱ्याने जास्त खर्च भरावा, असं धोरण न्यायालयाने २०१० पासून ठेवलं आहे.

दुसरी बाजू

इथवर मी पैसे अडकलेल्यांच्या बाजूने बोललो. पण समोर बसलेल्यांत चेक दिलेलेही कोणी असतील. त्यांच्याशीही दोन शब्द बोलतो.

कोऱ्या चेकवर सही करून देऊ नका. ‘फक्त सिक्युरिटी म्हणून’ असं सांगतात. पुढे त्यावर कोणती रक्कम लिहिली जाईल हे तुमच्या हाती राहत नाही, आणि सही तुमची आहे म्हटल्यावर न्यायालय तुमच्या विरुद्ध गृहीतक लावतं. २०१९ च्या निकालात हे स्पष्ट झालं आहे, की बाकीचा मजकूर दुसऱ्याने भरला एवढ्याने चेक खोटा ठरत नाही. सावकाराकडून पैसे घेत असाल तर त्याच्याकडे परवाना आहे का हे विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी कायद्याने परवाना आवश्यक आहे आणि विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

नोटीस आली तर गप्प बसू नका. देणं खरं असेल तर पंधरा दिवसांत पैसे द्या, आणि सगळे जमत नसतील तर आजच बोला, हप्ते ठरवा, लेखी ठरवा. देणं खोटं असेल तर त्याच मुदतीत लेखी उत्तर द्या. आज दिलेलं उत्तर तीन वर्षांनी साक्षीत सांगितलेल्या कहाणीपेक्षा वजनदार असतं. मौनाने काही साधत नाही. मौनाचा अर्थ न्यायालय तुमच्या सोयीने लावणार नाही.

प्रश्नोत्तरं

प्रश्न: माझी तीस दिवसांची मुदत गेली. आता काहीच उरलं नाही का?

उरलं आहे. फौजदारी रस्ता बंद झाला, दिवाणी नाही. पैसे वसूल करण्याचा दावा साधारणपणे तीन वर्षांत करता येतो, आणि न वटलेला चेक तिथे चांगला पुरावा ठरतो. चेकवर आधारलेला दावा संक्षिप्त पद्धतीनेही चालवता येतो. त्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठी आधी न्यायालयाची परवानगी मागावी लागते. मुदत वाचली असती, तरी दिवाणी दावा आणि कलम १३८ ही दोन्ही पावलं एकाच वेळी उचलता आली असती.

प्रश्न: चेक कंपनीचा असेल तर कोणाला धरायचं?

कंपनीला, आणि तेव्हा कंपनीचा कारभार ज्यांच्या हाती होता त्यांना. कलम १४१ त्यासाठी आहे. पण फिर्यादीत कंपनीला आरोपी केलंच पाहिजे. फक्त संचालकांची नावं घालून भागत नाही.

प्रश्न: सर, तुमच्या पैशांचं पुढे काय झालं?

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. त्याचं उत्तर देतो आणि थांबतो.

मी दिवाणी दावाही लावला नाही. पत्नीची शस्त्रक्रिया वर्षभर पुढे गेली. ते वर्ष ती जिन्याच्या कठड्याला धरून चढत-उतरत होती. मी मनाची समजूत घालत होतो, की मी त्या माणसाला माफ केलं. एकदा तिच्यापुढेच तुकोबांचा दाखला दिला. परंपरा सांगते, की तुकोबांनी घरच्या सावकारीतली आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली आणि कुळांना मोकळं केलं.

ती म्हणाली, ‘अहो, तुकोबांनी कागद हातात घेतले, मोजले, अर्धे भावाला दिले आणि मग आपले नदीत टाकले. तुम्ही काय केलंत? तुम्ही लाजलात. कागद कपाटात ठेवून तारीख जाऊ दिलीत. याला माफ करणं म्हणत नाहीत.’

मित्रहो, चाळीस वर्षं मी नीतिशास्त्र शिकवलं, पण क्षमा आणि भीड यांतला फरक इतक्या स्वच्छपणे मला कोणी सांगितला नव्हता. क्षमा करायला आधी हक्क हातात असावा लागतो. हक्क सोडणं ही कृती आहे. हक्क निसटून जाऊ देणं ही कृती नव्हे. आणि त्या गृहस्थांचंही मी भलं केलं नाही. नोटीस गेली असती तर त्यांना पंधरा दिवस मिळाले असते, आपला शब्द परत उभा करायला. कदाचित त्यांनी तो केला असता. मी त्यांना ती संधीही दिली नाही. त्यांच्याही वाट्याला फोन न उचलणंच आलं.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराचे, म्हणजे खटल्यांचे अठरा विषय सांगितले. मनुस्मृतीतल्या त्या यादीत पहिला विषय ऋणादान आहे, म्हणजे घेतलेलं ऋण न देणं आणि ते वसूल करणं. चोरी, मारामारी, सीमेचे तंटे, सगळं त्याच्या मागून येतं. हा क्रम मला आता पटतो. माणसं एकमेकांशी सगळ्यात आधी देण्याघेण्याने बांधली जातात, आणि दुरावतातही तिथेच.

तेव्हा घरी गेल्यावर एक करा. कपाटात, पाकिटात एखादा परत आलेला चेक पडला असेल, तर मेमोवरची तारीख बघा आणि दिवस मोजा. त्यानंतर नोटीस पाठवायची की सोडून द्यायचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. सोडून द्यायचं असेल तर त्या माणसाला तसं सांगून सोडा. पण तीस दिवसांच्या आत ठरवा.